सासूबाईंची सेवा करताना मनात आलेला विचार, आणि मत्तयाचा पाचवा अध्याय

जास्वंद

सर्वांना सलाम. एरवी मी इथलं नुसतं वाचून जाते. आज पहिल्यांदा लिहिते आहे, कारण हे आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणाशी बोलता येईना.

माझ्या सासूबाई अडीच वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं, भरवणं, रात्री दोन-तीनदा उठणं, सगळं मीच केलं. गेल्या महिन्यात त्या प्रभूकडे गेल्या. दफनविधीनंतर घरी प्रार्थनासभा झाली. लोकांनी साक्षी दिल्या. "सून असावी तर अशी," असं तिघी-चौघी म्हणाल्या. एका बाईंनी नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय वाचला, सद्गुणी स्त्रीच्या स्तुतीचा. मी तोंडाला पदर लावून रडत होते. लोकांना वाटलं, सासूच्या दुःखाने रडते आहे.

खरं काय ते सांगते. मार्च महिन्यातली दुपार होती. नुकतीच बदललेली चादर त्यांनी तिसऱ्यांदा खराब केली. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मनात अगदी स्पष्ट शब्द उमटले: आता जा एकदाच्या, आणि मला मोकळी करा. त्यांच्या वेदना थांबाव्यात म्हणून नव्हे. माझ्यासाठी. आणि हे एकदाच झालेलं नाही. पुढे पुढे सकाळी त्यांच्या खोलीत शिरताना श्वास चालू आहे का ते मी पाहायचे, आणि चालू दिसला की मनात जे यायचं ते मला इथे लिहवत नाही. हात थांबले नाहीत. दूध कोमट करून भरवलंच. पण "खून करू नको" या आज्ञेचा अर्थ सांगताना प्रभू रागापर्यंत, मनापर्यंत जातो ना? मत्तय ५:२१-२२. हातांनी मी काही केलं नाही. मनाने केलं.

आपल्या कृत्यांनी नव्हे तर विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरणं म्हणजे काय, हे दृढीकरणाच्या वर्गापासून मला पाठ आहे. रोम ३:२८ झोपेतून उठवलं तरी म्हणेन. पण लोक स्तुती करतात तेव्हा चुना लावलेल्या कबरीचंच वचन आठवतं: बाहेरून सुंदर, आत घाण. गेल्या रविवारी प्रभुभोजन होतं, भाकर आणि द्राक्षारस घ्यायला मी बाकावरून उठलेच नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हा विचार पाप होता की थकवा? आणि पाप असेल तर त्याचं करायचं काय? जिची क्षमा मागायची ती तर आता नाही.

रात्रपाळी

ताई, मी परिचारिका आहे, वीस वर्षं झाली. तुम्ही लिहिलंत ते मी कितीतरी घरच्या माणसांकडून ऐकलं आहे, बहुतेकदा रात्री तीनच्या सुमारास, वॉर्डाबाहेरच्या बाकावर. जे खरंच सेवा करतात त्यांच्याच मनात हे येतं. लांबून फोन करून विचारपूस करणाऱ्यांच्या मनात येत नाही, कारण त्यांना चादर बदलावी लागत नाही. अडीच वर्षं सलग झोप न मिळालेलं शरीर काय काय बोलतं, याचा हिशेब तुम्ही करत नाही आहात.

पाप आहे की नाही ते इथले जाणते सांगतील. तुम्ही आधी झोपा. आणि रक्त तपासून घ्या, हे मनापासून सांगते.

वसईची लेक

जास्वंद ताई, मी कॅथलिक आहे, म्हणून आमच्याकडे हे कसं शिकवतात ते सांगते. आमच्या मिस्साच्या, म्हणजे उपासनेच्या, सुरुवातीला आम्ही सगळ्यांसमोर कबूल करतो की विचाराने, शब्दाने, कृतीने आणि कर्तव्य चुकवून आम्ही पाप केलं आहे. विचार सगळ्यात आधी. म्हणजे मनातलं पाप असतं, यात वाद नाही.

पण विचार येणं वेगळं आणि त्याला संमती देणं वेगळं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचे तपस्वी होते. माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी त्यांनी केली: खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, राग, साधनेतला कंटाळा, मोठेपणाची हौस आणि गर्व. पुढे पाश्चात्त्य चर्चमध्ये सात मुख्य पापं म्हणून जी शिकवली गेली त्यांचं मूळ तिथे आहे. त्यांचं म्हणणं असं की हे विचार आपल्याला त्रास देतील की नाही, हे आपल्या हातात नाही. ते आत मुक्काम करतील की नाही, हे आपल्या हातात आहे. तुम्ही त्या विचाराला संमती दिली असती तर दूध कोमट केलं नसतं. तुमच्या हातांनी त्याला नकार दिला, ताई.

लहानपणी आमच्या आजीबरोबर मी धर्मगुरूंकडे पापनिवेदनाला जायचे. जाण्याआधी ती ओट्यावर डोळे मिटून बसायची. एकदा विचारलं तर म्हणाली, "हातांचं लगेच आठवतं गं, मनाचं शोधावं लागतं."

जास्वंद

वसईची लेक, तुमच्या आजीचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. पण खरं सांगू? संमती दिली नाही असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. काही वेळा तो विचार आला आणि मी त्याला बसू दिलं. त्या गेल्यावर खोली कशी लावायची, हेसुद्धा मनात ठरवलं होतं. रात्रपाळी ताई, थकवा होता, मान्य आहे. पण नुसताच थकवा होता असं म्हटलं की आतून कुणीतरी "नाही" म्हणतं.

निवृत्त पाळक

बाई, आतून "नाही" म्हणणाऱ्याला गप्प करू नका. मी चाळीस वर्षे मंडळ्यांची सेवा केली, बहुतेक नगर जिल्ह्यात. दुःखी माणसाला "तुझे पाप नव्हतेच" असे सांगून घरी पाठवण्याची चूक मी तरुणपणी पुष्कळदा केली आहे. माणूस त्या वेळी आभार मानतो. रात्री मात्र तो पुन्हा जागाच असतो.

दहा आज्ञांतली दहावी घ्या: लोभ धरू नको. खून, व्यभिचार, चोरी, खोटी साक्ष यांना साक्षीदार मिळू शकतो. लोभाला साक्षीदार नाही. ती आज्ञा पूर्णपणे मनाच्या आत घडते. आणि रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात प्रेषित पौल पाप काय ते मला कसे कळले हे सांगताना नेमकी हीच आज्ञा निवडतो. हा पौल परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथाचा, होता. फिलिप्पैकरांस पत्रात तो म्हणतो की नियमशास्त्रातल्या नीतिमत्त्वाविषयी तो निर्दोष होता. म्हणजे बाहेरून त्याच्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. तो सापडला तो आतल्या आज्ञेत. त्याच अध्यायाच्या शेवटी त्याचे शब्द आहेत: "किती मी कष्टी माणूस! मला ह्या मरणाच्या देहापासून कोण सोडवील?" "काय" सोडवील असे त्याने विचारले नाही. "कोण" असे विचारले.

डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू आज्ञा मनापर्यंत नेतो, ती आपण मनावर अधिक कडक पहारा बसवून नीतिमान व्हावे म्हणून, असे मला वाटत नाही. मत्तय ५:२० पहा: तुमचे नीतिमत्त्व शास्त्री आणि परूशी यांच्यापेक्षा अधिक झाल्याशिवाय राज्यात प्रवेश नाही. हे ऐकणारे कोळी आणि शेतकरी होते. त्यांच्या गावात परूश्याइतका काटेकोर माणूस नव्हता. त्यांनी काय समजायचे? हेच की या वाटेने कुणीच पोचत नाही. ज्या दारातून स्वतःच्या चांगुलपणासकट आत शिरता येईल असे आपल्याला वाटत होते, ते दार प्रभूने लावून घेतले आणि स्वतः दुसऱ्या दारात उभा राहिला.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर: थकवा होता आणि पापही होते. दुसऱ्या प्रश्नावर उद्या लिहितो. डोळ्यांना त्रास होतो.

माळकरी

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी तीन पिढ्यांची माळ आहे. तरी धागा वाचून राहवलं नाही. मन निर्मळ नसेल तर वरच्या आंघोळीला अर्थ नाही, हे आमचे संतही सांगतात, तेव्हा इथपर्यंत काही परकं वाटलं नाही. पुढचं मात्र कळत नाही. या बाईंनी अडीच वर्षं जी सेवा केली, तिचं तुमच्या देवापुढे काहीच मोल नाही का? विश्वासानेच नीतिमान ठरायचं तर चादर बदलणारी आणि न बदलणारी एकाच ओळीत? मला हे त्या बाईंवर अन्याय केल्यासारखं वाटतं. राग मानू नये.

खडीसाखर

माळकरी दादा, मी जन्माने ख्रिस्ती आहे आणि माझाही हाच प्रश्न आहे. आमच्या नात्यातले एक वडीलधारे मंडळीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी माझ्या वडिलांकडून मुलीच्या लग्नासाठी पैसे घेतले, परत केले नाहीत, आणि विषय काढला की "आपण कृपेखाली आहोत, नियमशास्त्राखाली नाही" असं म्हणायचे. वडील गेले. त्या वाक्याचा मला अजून संताप येतो. मग बायबलमधलं याकोबाचं पत्र वाचलं की बरं वाटतं. क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे, असं कुणीतरी लिहून ठेवलं आहे.

निवृत्त पाळक

माळकरीबुवा, राग कसला! योग्य जागी बोट ठेवलेत.

पौल उत्तरासाठी इस्राएलांचा मूळपुरुष अब्राहाम याच्याकडे जातो. उत्पत्ती १५:६. अब्राहामाने परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्याकडे नीतिमत्त्व असे गणण्यात आले. "गणणे" हा शब्द पौलाने रोम ४ या एका अध्यायात अकरा वेळा वापरला आहे. हा वहीखात्याचा शब्द आहे. किराणा दुकानात वही असते, तुमच्या नावाचे पान असते, त्यावर कुणीतरी रक्कम मांडतो. पौल विचारतो, अब्राहामाच्या पानावर ही जमा केव्हा मांडली गेली? सुंता सतराव्या अध्यायात आहे, तेव्हा त्याचा मुलगा इश्माएल तेरा वर्षांचा होता. पंधराव्या अध्यायात तो जन्मलाही नव्हता. म्हणजे विधी होण्याच्या निदान तेरा वर्षे आधी जमा मांडून झाली होती. तो विधी अब्राहामाने अजून केलाच नव्हता. त्याने ऐकले आणि बोलणाऱ्यावर भरवसा ठेवला.

मग ही रक्कम आली कुठून? पौलाचे फिलेमोनाला लिहिलेले पत्र एका पानाचे आहे. अनेसिम नावाचा दास धन्यापासून दूर गेला होता, त्याला पौल परत पाठवतो आहे. अठराव्या वचनात तो लिहितो की त्याने तुझे नुकसान केले असेल किंवा तो तुझे काही देणे लागत असेल, तर "ते माझ्या हिशेबी मांड". त्याच्या आधीच्या वचनात म्हणतो, माझा जसा स्वीकार केला असतास तसा त्याचा कर. देणे पौलाच्या नावावर, आणि स्वागत पौलाच्या नावाने. वधस्तंभावर प्रभूने पापी माणसासाठी काय केले, हे मला या दोन वचनांनी जितके उलगडले तितके मोठमोठ्या ग्रंथांनी उलगडले नाही.

म्हणून, माळकरीबुवा, बाईंच्या सेवेला मोल नाही असे नाही. ते मोल कुणाला मिळाले ते पाहावे. देवाला त्या सेवेची गरज नव्हती. सासूबाईंना होती, आणि त्यांना ती पूर्ण मिळाली. देवापुढे उभे राहण्याचे भाडे म्हणून बाईंना ती मोजून द्यावी लागली नाही, म्हणून ती निव्वळ सेवा राहू शकते.

खडीसाखर, तुझा संताप रास्त आहे. "माझ्या हिशेबी मांड" हे देणे फेडणारा म्हणतो. घेणेकऱ्याने तोंड उघडले की त्याला गप्प करायला बुडवणाऱ्याने तेच वाक्य वापरायचे, ही कृपा नव्हे. याकोबही अब्राहामाचाच दाखला देतो, पण उत्पत्ती २२ मधला, इसहाकाला अर्पण करायला निघालेला. झाड पंधराव्या अध्यायात लागले, बाविसाव्यात फळ दिसले. ज्या झाडाला कधीच फळ धरत नाही ते जिवंत आहे का, असे याकोब विचारतो. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाने चौपट परत करायचे ठरवले, ते प्रभू त्याच्या घरी उतरल्यावर. तुझ्या वडिलांचे पैसे परत यायला हवे होते.

वसईची लेक

पाळकसाहेब, झाड आणि फळ पटलं. एका ठिकाणी मात्र आमचं शिक्षण वेगळं पडतं. मनातली ओढ, संमती देण्याआधीची, ती बाप्तिस्मा झालेल्या माणसात पाप या नावाला पात्र नाही असं १५४६ साली ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने ठरवलं. ती पापातून येते आणि पापाकडे ओढते, पण ती स्वतः पाप नव्हे. प्रॉटेस्टंट सुधारक ल्यूथर तिलाही पापच म्हणत. १९९९ साली ३१ ऑक्टोबरला ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळींनी नीतिमान ठरवलं जाण्याविषयी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपण ख्रिस्तावरच्या विश्वासाने, केवळ कृपेने स्वीकारले जातो, आपल्या कुठल्या पुण्याईमुळे नव्हे, असं त्यात दोघांनी मिळून म्हटलं आहे. ओढीबद्दलचा फरक मात्र त्यातही तसाच नोंदवला आहे.

माझ्या मनाला आमचं म्हणणं आधार देतं. ताईंना कदाचित तुमचं देईल.

दूरदेशी

मी इंग्लंडमध्ये राहतो, बेडफर्डपासून फार लांब नाही. जॉन बनियन तिथलाच, भांडी दुरुस्त करणारा माणूस. परवान्याशिवाय उपदेश करतो म्हणून १६६० पासून बारा वर्षं तुरुंगात होता. तिथे असतानाच १६६६ साली त्याने स्वतःच्या आत्म्याची हकीकत छापली. ती वाचली तेव्हा अंगावर काटा आला होता. ख्रिस्ताला विकून टाक, विकून टाक, असा विचार त्याच्या मनात सारखा घुमायचा. जेवताना, लाकूड तोडताना, खाली पडलेली टाचणी उचलतानासुद्धा. तो जिवाच्या आकांताने नाही नाही म्हणत राहायचा. एके दिवशी थकून, हवं तर जाऊ दे, असं काहीसं मनात येऊन गेलं आणि आपण कायमचे बुडालो या भीतीत पुढे कितीतरी काळ गेला.

मग एकदा शेतातून चालताना त्याच्या मनात आलं: तुझं नीतिमत्त्व स्वर्गात आहे. देवाच्या उजवीकडे ख्रिस्त बसला आहे, तोच तुझं नीतिमत्त्व. आपलं मन चांगलं असलं म्हणून ते वाढत नाही, मन बिघडलं म्हणून घटत नाही, कारण ख्रिस्त काल, आज आणि युगानुयुग तोच आहे. बनियन म्हणतो, तेव्हा पायातल्या बेड्या गळून पडल्या.

जास्वंद ताई, अडीच वर्षं तुम्ही सासूबाईंचा श्वास पाहिलात. आता महिनाभर स्वतःच्या मनाचा श्वास पाहत बसला आहात.

रात्रपाळी

दूरदेशींनी लिहिलेलं बनियनचं वाचून एक गोष्ट सांगायलाच हवी. नको असलेला विचार सारखा येणं, तो घालवायला तीच प्रार्थना मोजून मोजून म्हणणं, पुन्हा पुन्हा कबुली देऊनही सुटका न वाटणं, हा आजारही असतो आणि त्यावर उपचार आहेत. अशा माणसाला "विश्वास कमी पडतो" असं म्हणू नका. आमच्याकडे येतात ते फार उशिरा येतात. ताई, तुमचं तसं वाटत नाही. पण वाचणाऱ्यांत कुणी असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे जा. प्रार्थना चालू ठेवा आणि गोळ्याही घ्या.

भीमाकाठ

माझं माहेर केडगावजवळचं, जिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, म्हणून रमाबाईंचं लिहिते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. टाकलेल्या, छळलेल्या विधवा मुलींना शिकवणं यापेक्षा चांगली कृती कुठली दाखवणार? तरीही त्या स्वतः आपल्या साक्षीत सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. बायबल वाचत होत्या, काम डोंगराएवढं होतं, मनाला विसावा नव्हता. जशा आहोत तशा त्याच्याकडे जायचं असतं, हे त्यांना नंतर उमगलं.

लहानपणी हे ऐकताना मला वाटायचं, एवढ्या मोठ्या बाईला कसली कमी? आज जास्वंद ताईंचं पहिलं पोस्ट वाचताना ते कळलं.

निवृत्त पाळक

बाई, दुसरा प्रश्न राहिला होता. जिची क्षमा मागायची ती नाही, मग काय करायचे?

५१ वे स्तोत्र दावीद राजाने लिहिले तेव्हा उरीयाही, म्हणजे ज्याच्या बायकोला त्याने नेले तो सैनिकही, जिवंत नव्हता. दाविदानेच त्याला मारवले होते. त्याच्या कबरीपाशी जाऊन काही परत करता येणार नव्हते. तो देवाकडे जातो, अंतर्यामीचे सत्य तुला आवडते असे म्हणतो, आणि मागतो काय? "हे देवा, माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर." मूळ इब्री भाषेत "उत्पन्न कर" हे क्रियापद उत्पत्तीच्या पहिल्या वचनातले आहे, जिथे देव आकाश आणि पृथ्वी निर्माण करतो. जुने हृदय घासूनपुसून दे असे तो म्हणत नाही. तुम्ही सासूबाईंविषयीचे सगळे प्रभूला नाव घेऊन सांगा. खोली लावण्याचे बेतसुद्धा. मग ज्या कुणाला सांगता येईल अशा एका माणसाला सांगा.

आणि प्रभुभोजनाविषयी. १ करिंथ ११:२८ नीट वाचा. माणसाने स्वतःची परीक्षा करावी, आणि मग ती भाकर खावी. परीक्षा करावी आणि बाकावर बसून राहावे, असे तिथे लिहिलेले नाही.

माळकरी

पाळकसाहेब, "भाडे" हा शब्द दोन दिवस डोक्यात आहे. सगळं पटलं असं म्हणणार नाही. आमची वाट वेगळी आहे. पण माझी आई अंथरुणावर आहे, आणि काल तिचे पाय चेपताना मी पहिल्यांदाच पुण्याचा विचार न करता चेपले.

जास्वंद

सगळ्यांना उत्तर द्यायला चार दिवस लागले.

माझी नणंद श्रीरामपूरला असते. दर रविवारी दुपारी आईला पाहायला यायची, फळं आणायची, माझ्यासाठी काहीतरी शिवून आणायची. सासूबाईंची पेटी आवरायला ती परवा आली होती. लुगड्यांच्या घड्या घालता घालता मी तिला सांगून टाकलं. सगळं. श्वास पाहण्याचंही. मला वाटलं होतं, आता ही उठून जाईल.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "वहिनी, मी दर रविवारी एसटीत बसले की देवाला तेच मागायचे. आणि उतरल्यावर लाज वाटायची म्हणून फळं घ्यायचे."

आम्ही दोघी त्या पेटीशेजारीच बसून ५१ वं स्तोत्र वाचलं. मला पुढे वाचवेना तेव्हा तिने वाचलं. नंतर ती सासूबाईंच्या खाटेवर झोपली, मीही तिथेच खाली चटई टाकली. रात्रपाळी ताई, सकाळी आठपर्यंत जाग आली नाही.

प्रार्थनासभेत नीतिसूत्रे वाचणाऱ्या बाई काल पुन्हा भेटल्या आणि पुन्हा तेच म्हणाल्या. यावेळी मी त्यांना म्हटलं, "बाई, प्रभूने माझं फार काही स्वतःच्या हिशेबी मांडलं आहे, ते तुम्हाला कधीतरी सांगेन." त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझ्याकडेही आहे गं सांगण्यासारखं."

पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे. नणंद मुक्कामाला येते म्हणाली. आम्ही दोघी बरोबर पुढे जाणार आहोत.